मधल्या वजनाची फौज

११ जून १९९९ रोजी बोस्नियातल्या शांतिसेनेत असलेले सुमारे दोनशे रशियन छत्रीधारी सैनिक आठ चाकांच्या बीटीआर-८० या चिलखती गाड्या आणि काही ट्रक घेऊन तळाबाहेर पडले. सर्बियातल्या साध्या डांबरी रस्त्यांनी शेकडो किलोमीटर अंतर कापून १२ जूनची पहाट होण्याच्या आत ते कोसोव्होची राजधानी प्रिश्तिनामध्ये पोहोचले आणि शहराबाहेरच्या विमानतळावर त्यांनी ठाण मांडले. नाटोचे सैन्य मॅसिडोनियाच्या हद्दीवर त्याच सकाळी आत शिरण्याच्या तयारीत होते. संख्येने, तोफांनी, विमानांनी कितीतरी पटींनी मोठे असलेले हे सैन्य विमानतळावर आले तेव्हा तिथे रशियन आधीच होते. त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेने शेजारच्या अल्बानियात २४ अपाची हेलिकॉप्टर पाठवायचे ठरवले होते. त्यांच्या संरक्षणासाठी एब्रम्स रणगाडे आणि ब्रॅडली गाड्या न्याव्या लागल्या, त्यांच्यामागून पाच हजारांहून अधिक माणसे आणि त्यांची रसद न्यावी लागली. साठ टनांहून जड रणगाड्यांना अल्बानियातले पूल आणि चिखलाचे रस्ते पेलत नव्हते. शेकडो विमानफेऱ्या आणि कित्येक आठवडे खर्ची पडले, आणि कोसोव्होचे युद्ध संपेपर्यंत त्या हेलिकॉप्टरांनी एकही हल्ला केला नाही.

अमेरिकी लष्कराला हा धडा नवीन नव्हता. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजांनी कुवेत गिळंकृत केले, तेव्हा सौदी अरेबियात सर्वांत आधी ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचे पायी सैनिक उतरले. त्यांच्यासमोर इराकी रणगाड्यांचे दल होते आणि स्वतःकडे रणगाडे म्हणावेत अशा मोजक्याच जुन्या, हलक्या शेरिडन गाड्या होत्या. जड डिव्हिजन जहाजांनी येऊन पोहोचेपर्यंतचे आठवडे केवळ इराकने पुढे चाल केली नाही म्हणून निभावले. म्हणजे जे लवकर पोहोचत होते ते टिकणारे नव्हते, आणि जे टिकणारे होते ते लवकर पोहोचत नव्हते. ही पोकळी भरून काढण्यासाठी चाकांच्या चिलखती गाड्यांवर बसवलेल्या मध्यम वजनाच्या यांत्रिकी पायदळाची कल्पना पुढे आली.

या फौजेबद्दल गेली पंचवीस वर्षे जो वाद चालू आहे, तो बहुतेक वेळा गाडीच्या चिलखताभोवती फिरतो: तिचा पत्रा किती जाड, रणगाड्याचा गोळा तिला फोडतो का, तिच्यावर कोणती तोफ बसते. मला हा वाद चुकीच्या जागी उभा असलेला वाटतो. मध्यम फौज म्हणजे पातळ कातडीचा रणगाडा नव्हे. ती मुळात पायदळ आहे. हे पायदळ लांबचा पल्ला स्वतःच्या चाकांवर गाठते, वाटेत गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून सुरक्षित राहते, आणि लढायची वेळ आली की गाडीतून उतरून पायी लढते. तिचे यश मोजायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात: किती अंतर किती वेळात कापले, आणि त्या अंतराच्या शेवटी गाडीतून किती माणसे उतरली. जिथे सेनापतींनी हे ओळखले तिथे या फौजेने मोठे काम केले. जिथे तिला रणगाड्याच्या जागी उभे केले, किंवा जिथे अंतर कापण्याचा प्रश्नच नव्हता अशा जागी कोंबले, तिथे तिची माणसे मेली.

आधी चाक आणि साखळीपट्टा यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. साखळीपट्टा गाडीचे वजन जमिनीच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. म्हणून साठ टनांचा रणगाडा नांगरलेल्या शेतातून किंवा बर्फातून जाऊ शकतो. अठरा-वीस टनांच्या आठचाकी गाडीत मात्र दर चाकावर दोन टनांहून अधिक भार येतो आणि तो टायरच्या छोट्याशा तुकड्यातून जमिनीवर उतरतो. ओल्या मातीत ती रुतते. चालकाला आतून टायरमधली हवा कमी-जास्त करता येते, त्यामुळे वाळूत किंवा चिखलात टायर पसरट करून पकड वाढवता येते. पण हा उपाय मर्यादितच आहे, आणि खंदक, दगडांचे ढीग, पडलेल्या भिंती ओलांडण्यात साखळीपट्टा कायम सरस राहणार. आता रस्त्यावर या. साखळीपट्ट्याचे शेकडो सांधे एकमेकांवर घासतात. ते फिरवण्यातच इंजिनाची बरीच ताकद जाते, इंधन जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर सगळा पट्टा बदलावा लागतो. म्हणून रणगाडे लांब पल्ल्यावर स्वतः चालत नाहीत. त्यांना रेल्वेच्या डब्यावर किंवा अवजड ट्रेलरवर चढवून न्यावे लागते. ते ट्रेलर हवेत, त्यांच्यासाठी रस्ता हवा, उतरवायला जागा हवी. आठचाकी गाडी ताशी नव्वद-शंभर किलोमीटर वेगाने, एकदा टाकी भरली की पाचशे किलोमीटरपर्यंत, कोणाच्याही मदतीविना जाते. एक-दोन टायर फुटले तरी ती चालत राहते. साखळी तुटली की रणगाडा जागच्या जागी थांबतो. शिवाय चाकांची गाडी आवाज कमी करते, आणि पुढे शहरातल्या लढाईत याचा किती फायदा होतो हे कोणाच्या आधी लक्षातही आले नव्हते.

लांबच्या पल्ल्याची गरज ज्या देशांना होती त्यांनी हे फार आधी ओळखले. सोव्हिएत संघाने १९६०च्या सुमारास बीटीआर-६० आणली, तिच्याच वंशातली बीटीआर-८० प्रिश्तिनाला पोहोचली. स्वित्झर्लंडच्या मोवाग कंपनीने १९७०च्या दशकात पिरान्हा ही गाडी तयार केली. कॅनडात तिच्यावरून एलएव्ही गाड्या बनू लागल्या आणि अमेरिकी मरीन कोअरने १९८०च्या दशकात त्या घेतल्या. पण माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. आजच्या नामिबियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशातून अंगोलात खोलवर छापे घालण्यासाठी त्या देशाने १९७६ मध्ये रॅटेल ही गाडी सेवेत आणली. पायदळाला आत बसवून स्वतः तोफेने लढणारी चाकांची गाडी म्हणून ती जगात पहिली मानली जाते. एका टाकीत ती हजार किलोमीटरच्या आसपास जात असे, आणि सुरुंगाचा मार सोसेल अशा बेताने तिचा तळ बनवला होता. वर्णद्वेषी राजवटीने ही गाडी कशासाठी वापरली हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये. तरी लष्करी दृष्टीने तिची कहाणी नीट वाचण्यासारखी आहे. १९८७ मध्ये लोम्बा नदीकाठी ९० मिलिमीटर तोफ लावलेल्या रॅटेल सोव्हिएत बनावटीच्या टी-५५ रणगाड्यांना भिडल्या. झुडुपांच्या दाट रानात, चपळाईच्या जोरावर, एका रणगाड्याभोवती अनेक गाड्या फिरवत त्यांनी तो सामना जिंकलाही. पण या विजयाने दक्षिण आफ्रिकी सेनापती हुरळून गेले नाहीत. पातळ चिलखताच्या गाड्यांनी रणगाड्यांशी असे वारंवार लढणे म्हणजे माणसे उधळणे आहे हे त्यांनी जाणले आणि ऑलिफंट रणगाडे मागवून घेतले. रॅटेल तिच्या जागी गेली आणि रणगाडा त्याच्या जागी आला.

अमेरिकेत मध्यम फौजेकडे वळण्याचा बदल घडवला तो जून १९९९ मध्ये लष्करप्रमुख झालेल्या जनरल एरिक शिन्सेकी यांनी. व्हिएतनाममध्ये सुरुंगाने पावलाचा मोठा भाग गमावलेला हा अधिकारी बोलायला मितभाषी, पण हट्टी होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांनी जाहीर केले की जगात कुठेही ९६ तासांत एक ब्रिगेड, १२० तासांत एक डिव्हिजन आणि ३० दिवसांत पाच डिव्हिजन पोहोचवता आल्या पाहिजेत. यासाठी चाकांच्या गाड्या निवडल्या गेल्या. नोव्हेंबर २००० मध्ये पिरान्हाच्या कॅनडातल्या वंशजाला कंत्राट मिळाले. साखळीपट्ट्यांची गाडी देऊ करणाऱ्या स्पर्धक कंपनीने या निवडीवर आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला. २००२ मध्ये या गाडीला स्ट्रायकर हे नाव मिळाले. हे नाव दोन सामान्य सैनिकांवरून ठेवले होते: एक दुसऱ्या महायुद्धात आणि दुसरा व्हिएतनाममध्ये मारला गेला, नात्यागोत्याचा काही संबंध नसला तरी दोघांचे आडनाव एकच होते, आणि दोघांनाही मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळाले होते. पायदळाच्या गाडीला सेनापतीचे नाव न देता साध्या सैनिकांचे द्यावे, ही निवड मला फार योग्य वाटते.

९६ तासांचे वचन मात्र कधीच पुरे झाले नाही. रँड या संशोधन संस्थेने २००२ मध्येच हिशेब मांडून दाखवले की सुमारे तीनशे गाड्या आणि साडेतीन-चार हजार माणसांची ब्रिगेड अमेरिकेतल्या तळावरून चार दिवसांत दूरच्या खंडात हवाईमार्गे नेणे उपलब्ध विमानांनी शक्य नाही. सी-१३० या छोट्या मालवाहू विमानात गाडी बसावी म्हणून तिच्या वजनावर आणि उंचीवर कडक बंधने घातली होती. प्रत्यक्षात ती बसे, पण अगदी काठोकाठ, आणि तेवढे वजन घेऊन विमान फार लांब जाऊ शकत नसे. पहिली स्ट्रायकर ब्रिगेड २००३ च्या अखेरीस इराकला गेली तीही जहाजानेच. विरोधकांनी हे अपयश बरीच वर्षे उगाळले. त्यांचे म्हणणे खरे होते, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. विमानाने चार दिवसांत पोहोचणे ही मध्यम फौजेची खरी कसोटी कधीच नव्हती. बंदरावर किंवा धावपट्टीवर उतरल्यानंतर पुढचे पाचशे किलोमीटर कसे कापले जातात ही खरी कसोटी होती. जड ब्रिगेडला तिथे ट्रेलर, इंधनाच्या टाक्या आणि दुरुस्तीच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागते. स्ट्रायकर ब्रिगेड रस्त्याला लागते.

मोसूलमध्ये ही कसोटी झाली. जानेवारी २००४ मध्ये पहिल्या स्ट्रायकर ब्रिगेडने उत्तर इराकमधल्या या मोठ्या शहराची जबाबदारी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनकडून घेतली. रस्त्यावर रॉकेट डागणारे बंडखोर असल्यामुळे गाड्यांभोवती लोखंडी गजांचा पिंजरा लावला होता. रॉकेट गजांत अडकून निकामी होई किंवा गाडीपासून थोडे दूर फुटे. त्याने वजन दोन टनांहून अधिक वाढले, गाडी रुंद झाली, अरुंद गल्ल्यांत अडू लागली, तरी सैनिकांनी पिंजरा काढला नाही. रणगाड्याची घरघर गल्लीच्या टोकापासून ऐकू येते. स्ट्रायकर दारात येऊन उभी राहीपर्यंत आतल्या लोकांना पत्ता लागत नसे. प्रत्येक गाडीत एक पडदा होता, त्यावर आपल्या बाकी गाड्या कुठे आहेत हे नकाशावर दिसे. एका चौकीवर हल्ला झाला की शहराच्या दुसऱ्या टोकावरून तुकड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी तिथे पोहोचत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडीच्या मागच्या दारातून नऊ माणसे उतरत. ब्रॅडलीत सहा-सात बसतात, म्हणून तिच्यातले पायदळ गाड्यांमध्ये तोडून बसवावे लागते. स्ट्रायकरमध्ये अमेरिकी पायदळाचे पूर्ण स्क्वॉड, एकमेकांना ओळखणारे, एकत्र सराव केलेले, एकाच गाडीतून एका नायकासह बाहेर पडते. घरोघर शोध घ्यायचा असतो, जिने चढायचे असतात, गच्च्या धरायच्या असतात, तेव्हा हा फरक चिलखताच्या जाडीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

पण मोसूलनेच मर्यादाही दाखवली. सुमारे वीस हजारांच्या डिव्हिजनच्या जागी एका ब्रिगेडभोवती उभी केलेली, तिच्या निम्म्याहूनही लहान फौज आली होती. वेगाने ही तूट भरून निघेल, असा विश्वास वरिष्ठांना होता. नोव्हेंबर २००४ मध्ये फालुजा शहरावर मोठा हल्ला सुरू झाला तेव्हा मोसूलच्या ब्रिगेडमधली एक बटालियन तिकडे धाडली गेली. त्याच आठवड्यात बंडखोरांनी मोसूलची पोलीस ठाणी एकामागून एक पाडली आणि शहराचे पोलीस दल जवळपास विरघळून गेले. ती बटालियन तातडीने परत बोलावली गेली आणि शहर वाचले. तुकडी झटकन परत येऊ शकली हे चाकांचे श्रेय आहे. शहर इतक्या लवकर हातचे जाण्याच्या बेतात आले, हा मात्र वेगालाच माणसांचा पर्याय समजल्याचा परिणाम होता. वेगवान तुकडी एका वेळी एकाच ठिकाणी असते. ज्या मोहल्ल्यातून ती निघून जाते तिथे संध्याकाळी पुन्हा बंदूकधारी येतात, आणि तिथल्या लोकांना हे सैनिकांपेक्षा आधी कळते.

या फौजेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप अफगाणिस्तानातून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००९ मध्ये एक स्ट्रायकर ब्रिगेड कंदहार प्रांतात पाठवली गेली. तिची एक बटालियन अर्घंदाब खोऱ्यात होती. डाळिंबाच्या दाट बागा, पाण्याचे पाट, मातीच्या जाड भिंती, आणि गाडी जेमतेम मावेल असे मोजके रस्ते. त्या रस्त्यांवर तालिबानने खतापासून बनवलेली प्रचंड स्फोटके पुरली. स्ट्रायकरचा तळ सपाट होता; स्फोटाचा सगळा जोर वर, माणसांवर येई. २७ ऑक्टोबर २००९ रोजी एकाच स्फोटात सात अमेरिकी सैनिक आणि त्यांचा दुभाषा ठार झाले. काही सैनिक आपल्या गाडीलाच शवपेटी म्हणू लागले. यावर लष्कराने केलेला उपाय तांत्रिक होता: २०११ पासून इंग्रजी व्ही अक्षराच्या दुहेरी आकाराचा तळ असलेल्या गाड्या आल्या, स्फोटाचा जोर बाजूंना फेकला जाऊ लागला आणि माणसे वाचू लागली. ते कामाचे होतेच. पण माझ्या दृष्टीने खरे उत्तर त्या आधीच दिले गेले होते. २००९ च्या अखेरीस ती बटालियन खोऱ्यातून काढून महामार्गांच्या रक्षणासाठी हलवली गेली आणि बागांत पायी चालणारे छत्रीधारी सैनिक आणले गेले. ज्या जागी रस्ता एकच आहे आणि तो शत्रूला पाठ आहे, तिथे चाकांचा गुण उरतच नाही. उरतो तो फक्त गाडीचा दोष. ही गाडीची चूक होती त्याहून अधिक तिला तिथे पाठवणाऱ्यांची होती.

चांगला तळ आला, त्यासोबत वजनही वाढत गेले. सतरा-अठरा टनांची स्ट्रायकर पंचवीस टनांच्या पुढे गेली. जर्मनीची बॉक्सर ही गाडी छत्तीस टनांच्या वर आहे, म्हणजे एके काळच्या मध्यम रणगाड्याइतकी. इथे काही जण विचारतात की मग मध्यम वजन राहिले कुठे, आणि साखळीपट्ट्यांची गाडीच का घेऊ नये? हा प्रश्न रास्त आहे. वजन वाढत गेले की पूल आणि विमाने हाताबाहेर जातात आणि चिखलात रुतण्याचा धोका वाढतो. तरी रस्त्यावरचा फरक कायम राहतो. २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सेकंड कॅव्हलरी रेजिमेंटच्या स्ट्रायकर गाड्या बाल्टिक देशांतून पोलंड आणि चेक प्रजासत्ताकमार्गे जर्मनीतल्या आपल्या तळावर रस्त्याने परतल्या. सुमारे अठराशे किलोमीटरचा हा प्रवास ट्रेलरविना आणि रेल्वेविना झाला. साखळीपट्ट्याच्या ब्रिगेडने हे करायचे म्हटले तर वाटेत किती पट्टे बदलावे लागतील याचा विचार कोणीही रसद अधिकारी करील आणि तो नाइलाजाने रेल्वेचे वेळापत्रक मागवील. जानेवारी २०१३ मध्ये मालीत उतरलेल्या फ्रेंच फौजांनीही हेच दाखवले. बंडखोर राजधानी बामाकोच्या दिशेने सरकत असताना आलेल्या या फौजा चाकांच्या गाड्यांतून तीन आठवड्यांच्या आत हजार किलोमीटरहून दूर असलेल्या गाओ आणि टिम्बक्टूपर्यंत पोहोचल्या.

युक्रेनच्या युद्धाने मात्र सगळ्यांच्याच गृहीतांना धक्का दिला. फ्रान्सने दिलेल्या एएमएक्स-१० आरसी या सहाचाकी, १०५ मिलिमीटर तोफेच्या गाड्या २०२३ च्या उन्हाळ्यात थेट रशियन तटबंदीवर वापरल्या गेल्या, तेव्हा तोफगोळ्यांच्या कपच्यांनी त्यांचे चिलखत भेदले. ती गाडी टेहळणीसाठी बनवली होती. तिला रणगाड्याचे काम दिले गेले. अमेरिकेने दिलेल्या स्ट्रायकरही त्याच वर्षी झापोरिझ्झियाच्या सुरुंगांनी भरलेल्या पट्ट्यात अडल्या. त्याउलट ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनने रशियाच्या कुर्स्क प्रांतात अचानक मुसंडी मारली. तिथे हद्द ढिली होती, रस्ते मोकळे होते, आणि स्ट्रायकरसह चाकांच्या गाड्यांनी काही दिवसांत कित्येक किलोमीटर आत मजल मारली. एकच गाडी, एकच सैन्य, आणि निकाल इतके वेगळे. मग ड्रोनचे काय? स्वस्त सुट्या भागांपासून जोडलेला ड्रोन आज रणगाडा आणि आठचाकी गाडी दोघांनाही जाळतो. आघाडीजवळ आता अनेक ठिकाणी सैनिक शेवटचे काही किलोमीटर पायी किंवा मोटारसायकलने जातात. म्हणून चिलखती गाड्यांचा काळच संपला, असे म्हणणारे वाढले आहेत, आणि अमेरिकी लष्कर स्वतः बिनचिलखती, नऊ जणांच्या हलक्या गाड्यांवर पैसा लावत आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ड्रोनने आघाडीपासून दहा-वीस किलोमीटरचा पट्टा सर्वांसाठी धोक्याचा केला आहे. त्या पट्ट्यात कोण किती वेळ थांबते यावर जगणे-मरणे ठरते. माणसे पटकन उतरवून परत फिरणारी गाडी आणि तासभर धुराळा उडवत येणारी गाडी यांत फरक राहतोच. कपच्यांपासून आणि छोट्या स्फोटकांपासून वाचवणारे चिलखत नसलेल्या उघड्या गाडीतून जखमींना मागे आणणाऱ्यांना हा फरक विचारून पाहावा. ड्रोनवर उपाय म्हणून या गाड्यांवर छोट्या तोफा, रडार आणि रेडिओ जॅमर चढवावे लागतील. ते करण्याजोगी जागा आणि वीज चाकांच्या गाडीत आहे.

हा प्रश्न भारताला दूरचा नाही. आपल्या यांत्रिकी पायदळाची सुरुवातच दोन्ही प्रकारच्या गाड्यांनी झाली होती: चेकोस्लोव्हाकियाकडून आलेल्या साखळीपट्ट्याच्या टोपाझ आणि आठ चाकांच्या स्कॉट. १९७९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली तोपर्यंत आपला कल सोव्हिएत बीएमपीकडे, म्हणजे साखळीपट्ट्याकडे झुकत होता. पंजाब-राजस्थानच्या सीमेवर, रणगाड्यांच्या बरोबरीने वाळूतून आणि कालव्यांतून जायचे असल्याने तो योग्यही होता. पण जड फौज रेल्वेने हलवण्याची किंमत आपण २००१-०२ मध्ये मोजली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर आपल्या चढाईच्या कोअरना देशाच्या आतल्या भागातून सीमेवर जायला सुमारे तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात राजकीय दबावाने हातातली संधी निसटली. लडाखमध्ये प्रश्न आणखी वेगळा आहे. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चुशूलच्या रक्षणासाठी एएन-१२ विमानांतून एएमएक्स-१३ हे पंधरा टनांचे हलके रणगाडे उतरवावे लागले होते. २०२० च्या गलवानमधल्या चकमकीनंतर आपण टी-७२, टी-९० आणि बीएमपी तिथे चढवल्या, आणि त्या तिथे हव्यातच. समोर चीनने आपल्या लष्कराच्या पुनर्रचनेत जड, मध्यम आणि हलक्या अशा तीन प्रकारच्या ब्रिगेड केल्या आहेत आणि मध्यम ब्रिगेड आठचाकी गाड्यांवर उभ्या आहेत. तिबेटच्या बाजूला त्यांनी जे रस्ते बांधले आहेत, त्या रस्त्यांचा पुरेपूर उपयोग अशाच फौजेला होतो. आपणही गेल्या काही वर्षांत पूर्व लडाखमध्ये झपाट्याने रस्ते आणि पूल बांधले आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पूर्ण बटालियन रातोरात हलवता येणे ही तिथली गरज आहे.

अशी गाडी आपल्याकडे तयार झालेली आहे, आणि तिचा जन्म महाराष्ट्राशी जोडलेला आहे. अहिल्यानगरच्या व्हेइकल्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने टाटांबरोबर व्हॅप ही पाण्यातही चालणारी आठचाकी गाडी विकसित केली. तिच्यावर आधारलेल्या काही गाड्या एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत लष्कराला मिळाल्या. मोरोक्कोने हीच गाडी घेतली आणि तिच्यासाठी तिथे २०२५ मध्ये कारखानाही उघडला. दरम्यान फेब्रुवारी २०२५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात स्ट्रायकर भारतात मिळून बनवण्याचा उल्लेख आला. त्यामुळे वर्तमानपत्रांतून देशी की परदेशी, व्हॅप की स्ट्रायकर, अशी चर्चा सुरू झाली. परदेशी गाडीच्या सुट्या भागांवर आणि दुरुस्तीवर दुसऱ्या देशाचे नियंत्रण राहते आणि आपल्याकडे अभियंते आणि कारखाना असताना ते ओढवून घेण्याचे कारण मला दिसत नाही. पण यापेक्षा मोठा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही: या गाडीत किती माणसे बसणार? भारतीय पायदळाचे सेक्शन दहा जणांचे असते. बीएमपी-२ मध्ये मागे सातच बसतात, म्हणून यांत्रिकी पायदळात सेक्शनच लहान होते. व्हॅपच्या रचनेत दहा-बारा जणांना सामावण्याची क्षमता आहे, पण तिच्यावर जेवढा मोठा बुरूज, जेवढा मोठा दारूगोळा चढवला जातो, तेवढ्या मागच्या बैठका कमी होतात. प्रदर्शनात तोफेचा फोटो निघतो, बैठकांचा निघत नाही. म्हणून खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर तोफ मोठी करण्याचा मोह होणार. लष्कराने गाडीची अंतिम रचना ठरवताना पहिली ओळ बुरुजाबद्दल न लिहिता पूर्ण सेक्शनबद्दल लिहावी. तोफ, क्षेपणास्त्र, ड्रोनविरोधी रडार यांच्यासाठी त्याच गाडीचे वेगळे प्रकार करता येतात, स्ट्रायकरचे दहा प्रकार असेच आहेत. पायदळाच्या गाडीतून दहाऐवजी सहा माणसे उतरणार असतील, तर लडाखच्या एखाद्या कड्यावर रात्री पोहोचलेली बटालियन कागदावर बटालियन राहील आणि प्रत्यक्षात तिथे दोन कंपन्या असतील.